पहिल्या घासापासून दोन तास

राजारामपुरीतल्या लॅबच्या काउंटरवरचा पोरगा दर तीन महिन्यांनी एकच वाक्य बोलतो. "पहिल्या घासापासून दोन तास हं काका, जेवण संपल्यापासून नाही." आणि दर तीन महिन्यांनी माझी आई त्याला एकच प्रश्न विचारते, "पयला घास गाईचा असतोय. त्यो धरायचा, का माझा?"

पोरगा हसतो. पहिल्या वेळी मात्र तो खरंच विचारात पडला होता.

आईची साखर तपासायला उपाशीपोटी रक्त देऊन झालं की जेवणानंतरच्या रक्तापर्यंत मधे हे दोन तास येतात. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ असतो, पण मी आईला घरी नेत नाही. घरी गेलं की ती मेथी निवडायला बसते, आणि निवडता निवडता तोंडात कधी शेंगदाणे जातात, कधी कालच्या चपातीचा तुकडा जातो, ते तिलाही कळत नाही. म्हणून आम्ही डबा घेऊन हुतात्मा पार्कात बसतो. भाकरी, वांग्याची भाजी, वर चटणी. आईनं भाकरीचा तुकडा मोडून गाईच्या नावानं बाजूला ठेवला, की मी तिच्या स्वतःच्या घासाची वाट बघतो. तो तोंडात गेला की मोबाईलवर वेळ लावतो.

खरं सांगायचं तर मला हे दोन तास आवडतात. माझ्या आठवड्यात एवढा वेळ एका जागी बसायला मिळत नाही. पावणेसहाला उठायचं, पाणी भरायचं, सव्वासहाला लेकीचा पंप. तिला बाळदमा आहे. प्लॅस्टिकच्या नळकांड्याला एका टोकाला पंप जोडायचा, दुसरं टोक तिनं तोंडात धरायचं, एक दाब द्यायचा आणि दहा श्वास मोजायचे. मग पुन्हा एकदा. मग चूळ भरून खळखळून गुळण्या, कारण ते औषध तोंडात राहिलं तर बुरशी धरते. हे सगळं झोपेतल्या नऊ वर्षांच्या पोरीकडून करून घ्यायचं, तेही सातच्या व्हॅनच्या आत. बायको जयसिंगपूरला शाळेत शिकवते, ती तोवर एसटी स्टँडवर पोचलेली असते. नंतर आईच्या गोळ्या, माझा डबा, गाडी, शिरोली एमआयडीसी. काळजी करायची वेळसुद्धा ठरलेली आहे. तावडे हॉटेलचा चौक ओलांडला की पंचगंगेच्या पुलापर्यंत करायची. पुढं डोक्यात भट्टी शिरते.

फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. आमचं काम एका अर्थी लॅबवाल्या पोरासारखंच. भट्टीत लोखंड १४०० अंशांच्या आसपास वितळलेलं असतं, त्यातलं पळीभर काढून सॅम्पल ओतायचं, गार झालं की घासून स्पेक्ट्रोच्या यंत्रावर ठेवायचं. मिनिटाभरात कार्बन किती, सिलिकॉन किती, सगळं पडद्यावर. कमी पडलं तर भट्टीत टाकायचं, पुन्हा सॅम्पल घ्यायचं, मगच ओतायचं. माणसाचं तसं नाही. माणसाचा रिपोर्ट येतो तेव्हा हीट, म्हणजे भट्टीतला सगळा रस, ओतून झालेली असते.

उपाशीपोटीच्या साखरेचं आई दोन दिवस आधीपासून बघते. चहा बिनसाखरेचा, भात बंद, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी. त्या साखरेला फसवता येतं. पण डॉक्टर एचबीएवनसी पण काढायला सांगतात, आणि ती बया कुणाला भीक घालत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि एक पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळं दोन-तीन महिन्यांत काय काय खाल्लं त्याची सरासरी त्यात उतरते. आई तिला 'चहाडखोर तपासणी' म्हणते.

त्यात हा डिसेंबर. कोल्हापुरात गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या घरात दोघींची तब्येत बिघडते. एकीची वासानं, एकीची चवीनं. कुठं शेतात पाचट पेटलेलं असतं, कुठं चुलवाणात चिपाड जळत असतं, आणि पहाटेच्या थंडीत तो धूर खाली बसून राहतो. लेक रात्री खोकायला लागते. आणि त्याच आठवड्यात गावाकडनं कुणीतरी गरम गुळाची ढेप नाहीतर काकवीची बाटली घेऊन येतं. येणाऱ्याला नको कसं म्हणायचं, असं आई म्हणते. येणाऱ्याला नको म्हणू नये हे मलाही मान्य आहे, पण बाटली अर्धी रिकामी करणारा तो येणारा नसतो.

तर गेल्या वेळची गोष्ट. घास आठ वाजून दहा मिनिटांनी. उद्यमनगरच्या बाजूनं कामाचे आवाज सुरू झाले होते, मी बाकावर पाय लांब करून बसलो होतो. नऊला कारखान्यातून फोन. पुण्याच्या गिऱ्हाईकाकडं गेलेल्या मालात ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, निघालेत, फोटो पाठवलेत, तुम्ही कुठं आहात? मी म्हटलं, अर्धी रजा आहे. पलीकडून, "ते माहीत आहे, पण कुठं आहात?" बागेत बसलोय असं सांगायची लाज वाटली. दवाखान्यात आहे म्हणालो. आईनं तोंड फिरवून पदरात हसून घेतलं.

नऊ वीसला शाळेतून. मुलीला धाप लागलीय, पीटीच्या तासाला. दप्तरात पंप सापडत नाहीये.

निळा पंप, धाप लागल्यावर लगेच घ्यायचा तो, तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. असायलाच हवा. मी आईची डब्याची पिशवी उघडली. आईच्या फाईलला टेकून, चटणीच्या डबीशेजारी, तो आणि त्याचं नळकांडं निवांत पडलं होतं. सकाळी टेबलावर दोन पिशव्या एकदम भरत होतो. हाताला चूक कळली नाही, डोळ्यांना तर तेव्हा काहीच कळत नव्हतं.

आईला बाकावर सोडून जाणार होतो. ती आधीच चपला घालून उभी. "चल, गप. मी काय इथं दगड राखत बसू?"

ऑफिसातल्या खुर्चीवर लेक बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर जात होते. मला बघितल्या बघितल्या आधी सफाई. "पप्पा, मी पळलोच नाही. नुसता चाललो होतो." आमच्या पोरी बोलतात तशाच. मराठीच्या बाई वहीत लाल शाई ओततात आणि घरी आज्जीच म्हणते, "मी आलो गं." धाप लागलेली असताना आख्खं वाक्य बोलली म्हणजे फार नाही, असं मनात पकडलं. डॉक्टरांनी तेच सांगून ठेवलंय, वाक्य तुटतंय का ते बघा.

पंप हलवून जोडला. माझे हात थरथरत होते, म्हणून श्वास आज्जीनं मोजले. मोठ्यानं, बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मोजाव्यात तसे. "योक... दोन... सावकाश, कुणी मागं लागलंय काय... तीन..." शिपाई दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्या दाबानंतर खांदे खाली आले. पण आम्ही तिथंच बसून राहिलो, कारण मला माझा भरवसा वाटत नव्हता. शेवटी लेकच म्हणाली, "जावा की आता, मला चित्रकलेचा तास आहे."

लॅबमध्ये पोचलो तेव्हा दहा पस्तीस. पोरगा घड्याळाकडं बघून म्हणाला, "काका, अडीच तास होत आले की." उपाशीपोटीचं झालंय, एचबीएवनसीला जेवणाचं काही देणंघेणं नाही, पण जेवणानंतरचं उद्या परत या. फुकटात करून देतो म्हणाला. आई म्हणाली, "पोरा, भाकरी फुकट न्हाई येत." पण ती खूश होती. का, ते मला संध्याकाळी कळलं, रिपोर्ट मोबाईलवर आल्यावर. मागच्या वेळी एचबीएवनसी ७.६ होतं, आता ८.३. तिला बाकीचं आधीच माहीत होतं. निदान एक आकडा तरी उद्यावर गेला होता.

"यंत्र बिघडलं आसंल," ती म्हणाली. "तुमच्या कारखान्यात न्हाई का बिघडत?"

बिघडतं. म्हणून आम्ही रोज सकाळी माहीत असलेला तुकडा ठेवून यंत्र तपासतो, असं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि देवापुढं दिवा लावायला उठली. बायकोनं रव्याच्या डब्यामागून काकवीची बाटली काढून ओट्यावर ठेवली. कुणी काही बोललं नाही. लेकीनं तेवढं बोट घालून चाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परत अर्धी रजा. या वेळी साहेबांनी कुठं आहात विचारलं नाही, ते जास्त वाईट होतं. रात्री दोनदा उठून लेकीच्या छातीला कान लावला होता, आत शिट्टी वाजत नव्हती, तरी झोप लागली नाही. बाग तीच, बाक तोच. गाईचा तुकडा बाजूला, आईचा घास आठ वाजून पाच मिनिटांनी. निळा पंप दप्तरात आहे हे मी निघताना दोनदा आणि व्हॅन सुटताना एकदा बघितलं होतं. उन्हं अंगावर आली होती. मोबाईलवर वेळ लावली आणि तो आईच्या हातात दिला.

डोळे उघडले तेव्हा माझ्या डोक्याखाली आईच्या फाईलची पिशवी होती आणि तोंडावर तिचा रुमाल. मोबाईल तिच्या मांडीवर, आवाज बंद. दहा वीस झाले होते.

"वाजला नाही?"

"वाजला की," ती म्हणाली. "मी दाबला. लई गाढ झोपला होतास."