श्रीनगरची ट्यूलिप बाग: अकरा वाजायच्या आधी बागेतून निघू नका

ट्यूलिप बघायला सकाळी लवकर जावं, गर्दी नसते, असं सगळेच सांगतात. आम्हीही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी नऊला फाटकाशी हजर. आत शिरलो आणि आईचा चेहरा पडला. "मिटलेलीच आहेत की गं सगळी!"

रात्रीची थंडी उतरली नव्हती, आणि ऊब लागल्याशिवाय ट्यूलिप उघडत नाही. बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराकडे तोंड करून. त्यामुळे ऊनही डोंगर चढून उशिराच येतं. अकराच्या सुमारास तीच फुलं वाट्यांसारखी उमलली. बऱ्याच लाल फुलांच्या तळाशी काळा डाग असतो, हे तेव्हा दिसलं. म्हणून नऊला जाच, पण डबा-पाणी, स्वेटर घेऊन, निवांत. वरच्या टप्प्यांपर्यंत चढा. बहुतेक मंडळी खालीच फोटो काढत बसतात. ढगाळ दिवशी मात्र जुन्या शहरात, जामा मशिदीकडे फिरा.

बाग मार्चअखेरीस उघडते आणि जेमतेम महिनाभर चालते. तारीख हवामानावर ठरते, तेव्हा विमानाचं तिकीट मार्चच्या शेवटच्या दिवसांचं काढून जुगार खेळू नका. लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती लावलेल्या असतात. एप्रिलचा पहिला पंधरवडा मला बिनधोक वाटतो. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, घरात कुणाचं पोस्टपेड असेल तर ते न्या.

कंद बघून आई म्हणाली, "हे तर कांदेच!" दिसतात खरे तसे. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी ते उकडून खाल्लेही होते. पण त्यात विषारी अंश असतो, चाखायच्या फंदात पडू नका. फुलदाणीत ठेवलेला ट्यूलिप मात्र मजेशीर: कापल्यावरही देठ वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो.

पुण्या-मुंबईत कुंडीत लावायची हौस असेल, तर कंद आधी दहा-बारा आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. शेजारी सफरचंद नको, त्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. एवढं करून फूल बहुधा एकदाच येतं. पुढच्या वर्षी नवे कंद. आईने हिशोब ऐकला आणि शेवंतीच बरी म्हणाली.