न आलेल्यांची वही

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या किनाऱ्यालगतच्या गावात आम्ही काही जण दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या पडवीत बसून लोकांचा रक्तदाब मोजतो. आम्ही म्हणजे माझ्यासारखे दोन निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातील एक पेटीवादक आणि गावच्या दोन आशाताई. आमच्यात डॉक्टर कोणी नाही आणि आम्ही औषधही देत नाही. आकडा कागदावर लिहून देतो, तो वाढलेला असेल तर माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवतो आणि तो खरोखर गेला की नाही हे पुढच्या रविवारी विचारतो. या शेवटच्या विचारण्यापायीच आम्ही हे काम आरंभले.

काही वर्षांपूर्वी गावात बाहेरून एक आरोग्य शिबिर आले होते. फलक लागला, नारळ फुटला, पाहुण्यांची भाषणे झाली आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाची तपासणी उरकली. माझ्या शेजारच्या घरातील एका गृहस्थांना त्या दिवशी ‘प्रेशर वाढलेलं आहे, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून एक चिठ्ठी देण्यात आली. ती चिठ्ठी त्यांनी पंचांगात नीट घडी घालून ठेवली. पुढच्या शिमग्याला त्यांच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे पक्षाघात झाला, तेव्हा कागदपत्रे शोधताना ती मलाच सापडली. शिबिराच्या अहवालात त्यांची नोंद ‘तपासणी झालेले’ अशीच असणार आणि ती खोटीही नव्हे. मला त्याचाच राग आला.

वास्तविक औषधाची वाण आमच्याकडे नव्हती. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे मोजके जिल्हे होते त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश होता. आरोग्य केंद्रात गेल्यावर १४० वर ९० किंवा त्याहून अधिक दाब पुन्हापुन्हा आढळला, तर साधारणतः अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीपासून उपचार सुरू होतो आणि महिन्याभराच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. अडचण होती ती दुसऱ्या महिन्याची. रक्तदाब दुखत नाही. गोळी घेऊन माणसाला काही वेगळे वाटत नाही आणि सोडली तरी लगेच काही बिघडत नाही. ‘बरा वाटता, मगे गोळी कित्याक?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला दर महिन्याला कोणीतरी समोर असावे लागते, आणि आमच्या गावात निम्म्या घरांतील तरणी माणसे मुंबईला.

आमच्या पहिल्या चुका जागेच्या होत्या. आम्ही बसलो ग्रामदैवताच्या सभामंडपात, कारण गावातील प्रत्येक चांगले काम तेथेच सुरू होते असा आमचा समज. देऊळ डोंगराच्या कुशीत, जांभ्याच्या उंच पायऱ्यांवर. सत्तरीची माणसे धापा टाकत वर यायची आणि आम्ही उत्साहाने लगेच पट्टा बांधायचो. साहजिकच सारा गाव रक्तदाबाचा रुग्ण ठरू लागला. आरोग्यसेविकेने एकदा येऊन पाहिले आणि आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. माणूस पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसला पाहिजे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा, पट्टा बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर, मापन चालू असताना बोलायचे नाही, अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको आणि मिश्रीही नको. मिश्रीचे नाव काढताच रांगेतल्या तीन बायका हसून उठून गेल्या, पण पुढच्या खेपेस त्या मिश्री न लावता आल्या.

दुसरी चूक उमगायला अधिक दिवस लागले आणि ती मला एका आशाताईंनी बाजूला घेऊन सांगितली. महिन्यातील काही दिवस बायका देवळात पाऊल टाकत नाहीत. न येण्याचे कारण त्या चारचौघांत सांगत नाहीत आणि एकदा चुकलेली खेप मग चुकतच राहते. चाळीस वर्षे शाळेत शिकवूनही हे माझ्या ध्यानात येऊ नये, याची मला लाज वाटली. त्यानंतर आम्ही वाचनालयाच्या पडवीत आलो. ती रस्त्याच्या कडेला आहे, पायरी एकच आहे आणि बाजाराला जाणारी बाई पिशवी खाली ठेवून पाच मिनिटे बसू शकते.

खरी झटापट मात्र मिठाशी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ताटात येतो तो खारा बांगडा, नाहीतर खारातला आंबा. सोलकढीचे आगळसुद्धा मिठावरच टिकवलेले असते. अशा घरात जाऊन ‘मीठ कमी करा’ असे सांगणे म्हणजे पावसाळाभर उपाशी राहा असे सांगण्यासारखे आहे. सुरुवातीला आम्ही तसे सांगितले आणि लोकांनी ते मान हलवून ऐकून घेतले, म्हणजे ऐकले नाही. एका मच्छीमाराने तर मलाच विचारले, ‘गुरुजी, दिवसभर घामातून जाता त्याचा काय?’ प्रश्न रास्त होता. मात्र घाम गाळणाऱ्या मुलाच्या ताटातलाच बांगडा घरी बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईच्या ताटातही पडतो, एवढे मी त्याला सांगू शकलो. उपाय अखेर स्वयंपाकघरातूनच आला. खारा बांगडा दोन पाण्यांत भिजवून मगच भाजावा, आणि कुळथाच्या पिठीत मीठ न लावता वाळवलेली कोकमाची सोले थोडी जास्त टाकावीत, म्हणजे आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचे जिभेला तेवढे जाणवत नाही, हे आम्हाला एका आजींनी शिकवले. आम्ही आता तेच सांगतो, आणि आजींचे नाव घेऊन सांगितले की लोक अधिक ऐकतात.

(जाता जाता एक गोष्ट. २१ जूनचा योग दिनही गावात साजरा व्हावा अशी सूचना आम्हाला दरवर्षी येते. त्या सुमारास आमच्या बायका तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, चिंतेत पहाटेपासून शेतात असतात आणि मग लावणीभर कमरेत वाकलेल्या. त्यांना सकाळी सहाला चटईवर येऊन आणखी वाका असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. दिवाळीनंतर जरूर करू.)

लावणीच्या दिवसांत रक्तदाब मागे पडतो आणि लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, गोळी पुढे येते. चिखलातून पसरणाऱ्या या तापाच्या प्रतिबंधासाठी शेतात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन दिले जाते. रिकाम्या पोटी ती घेतली की मळमळते, म्हणून पूर्वी बायका ती पदराला बांधून घरी नेत आणि विसरत. आता आशाताई पेजेच्या वेळी बांधावर जातात आणि समोर घ्यायला लावतात.

आमच्याकडे दोन वह्या आहेत. पहिलीत आलेल्यांचे आकडे असतात आणि पाहुणे आले की आम्ही तीच दाखवतो. दुसरी माझ्या पिशवीत असते. तिच्यात त्या रविवारी जे यायला हवे होते पण आले नाहीत त्यांची नावे मी लिहितो आणि सोमवारी संध्याकाळी फिरायला जाण्याचा माझा रस्ता त्या नावांवरून ठरतो. कोणाच्या घरी गुरे व्यायलेली असतात, कोणाला सोबत नसते, कोणी रुसलेला असतो. आपण वहीत आहोत हे कळल्यावर काही जण रागावले आणि एकाने तर माझ्याशी महिनाभर बोलणे टाकले. तो बोलेनासा झाला, पण रविवारी येऊ लागला. चतुर्थीला चाकरमानी आले की मी ही वही त्यांच्या आईवडिलांसमोर उघडत नाही. मुलांना खळ्यात बाजूला घेऊन ‘गोळ्यांचे पाकीट एकदा मोजून बघ’ एवढेच म्हणतो. मुंबईहून कौतुकाने आणलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळ्या आणि केंद्रातल्या गोळ्या या एकच असू शकतात व दोन्ही मिळून घेतल्या जाऊ शकतात, हे त्या मोजण्यातूनच आमच्या लक्षात आले. अशी दुहेरी पाकिटे आता आम्ही केंद्रातील डॉक्टरांना नेऊन दाखवायला सांगतो.

दुसऱ्या वहीतील सर्वांत लांब यादी बंदरावरच्या पुरुषांची आहे. ते पहाटे समुद्रात असतात, परतल्यावर लिलाव असतो आणि रविवार त्यांच्या लेखी वेगळा वार नाही. यंदा नारळी पौर्णिमेनंतर आठवड्यातून एकदा लिलाव आटोपल्यावर जाळी विणायच्या मांगरात बसायचे आम्ही ठरवले आहे. ओल्या हाताच्या, नुकत्याच टोपल्या वाहिलेल्या माणसाला तेथे पाच मिनिटे शांत कसे बसवायचे, हे अजून सुचलेले नाही. पेटीवादक म्हणतात, ते मी बघतो. खाऱ्या हवेत यंत्र गंजू नये म्हणून त्यासाठी झाकणाचा एक स्टीलचा डबा मात्र आम्ही आणून ठेवला आहे.