कासवासाठी जाळं कापलं, त्याच्या भरपाईचा माझा अनुभव

जानेवारीतली पहाट. साडेपाचच्या सुमारास जाळं ओढायला घेतलं आणि पंधरावीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) आत आल्यावर ओढ एकदम जड झाली. मासळीचं वजन हाताला कळतं, दोरीतून थरथर येते. हे नुसतंच ओझं होतं. तात्यांनी बॅटरी मारली तर जाळ्यात कासव. पुढचे दोन्ही पाय नायलॉनमध्ये पार गुरफटलेले, मान एका बाजूला कललेली.

तात्या आमच्या होडीवरचे सगळ्यात जुने खलाशी. त्यांनी आधी हात जोडले, कासव म्हणजे आमच्याकडे देवच, आणि मग कमरेची सुरी काढली. मी त्यांना थांबवलं. "तात्या, अर्धा मिनिट. आधी फोन काढू दे." ते माझ्याकडे बघतच राहिले. प्राण जातोय आणि हा फोटो काढतोय, असंच त्यांना वाटलं असणार.

पण मला दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवत होती. तेव्हा जाळ्यात व्हेल शार्क आली होती, शार्क जातीचा अजस्र मासा, होडीच्या निम्म्याहून लांब. अंधार पडत आलेला, जनावर उसळ्या मारतंय, होडी कलतेय. आम्ही भराभर जाळं कापलं आणि तिला सोडलं. बरोबरच केलं. पण कुणी फोटो काढला नाही, आणि कापलेलं जाळं तिच्या अंगाबरोबरच गेलं. बंदरावर येऊन सांगितलं तर पुरावा काय दाखवणार? कुणाला दोष द्यायचा नव्हताच. ते जाळं नवं करायला मच्छीमार सोसायटीचं कर्ज काढलं, आणि ते फेडता फेडता पुढचा हंगाम गेला.

महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून अशा जाळ्याच्या भरपाईची योजना आहे. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवताना मच्छीमाराने जाळं कापलं, तर जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष मिळून ती चालवतात. शेजारी गुजरातमध्ये २००४ पासून व्हेल शार्क वाचवायची मोहीम सुरू आहे, तिथेही कापलेल्या जाळ्याचे पैसे देतात. हे मला ऐकून माहीत होतं. अर्ज कसा करायचा, ते मात्र ठाऊक नव्हतं.

तर त्या पहाटे चुलतभावाच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, बंद करायचा नाही. आधी होडीचा नोंदणी क्रमांक घे, मग कासव, मग सुरी. तात्यांनी पायाभोवतीचे आस, म्हणजे जाळ्याची घरं, एकेक करून कापले. सुरीचं टोक बाहेरच्या बाजूला, कातडीला लागू नये म्हणून. डाव्या पायावर नायलॉन इतकं आत रुतलं होतं की तिथे बोटाने चाचपत कापावं लागलं. सगळं धरून सात-आठ मिनिटं लागली.

कासव हलत नव्हतं. समुद्री कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. जाळ्यात खाली अडकलं की ते बुडून मरतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. निपचित पडलं म्हणून मेलं असं समजायचं नाही आणि तसंच पाण्यातही टाकायचं नाही, हे सोसायटीत झालेल्या एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यात सांगितल्याप्रमाणे केलं. कासव पोटावर ठेवलं, मागची बाजू फळीवर टेकवून वीतभर उंच केली, पाठीवर ओलं गोणपाट टाकलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या. नाकातोंडातून थोडं पाणी आलं. मग नुसतं बसून राहिलो. जाळं अर्धं पाण्यात, डिझेल जळतंय, आणि आम्ही पाचजण एका कासवाकडे बघतोय. पाऊण तासाने गळ्याखालची कातडी हलली. एकदा. बऱ्याच वेळाने पुन्हा. मग मागचा पाय किंचित आवळला गेला आणि तात्या म्हणाले, "आला रे श्वास!" चांगलं उजाडल्यावर ते मान उचलून फळीवर पाय आपटायला लागलं. तेव्हा इंजिन न्यूट्रलला घेतलं, दोघांनी कडेने उचललं आणि पाण्यात सोडलं. तेही फोनमध्ये घेतलं.

कापलेलं जाळं समुद्रात टाकलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वैतागून ते फेकून द्यायची सवय आपल्यात आहे. पाण्यात सुटलेलं नायलॉन वर्षानुवर्षं मासे आणि कासवं मारत राहतं. आणि भरपाईसाठी तोच आपला पुरावा असतो.

बंदराला लागल्याबरोबर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी जाळं किनाऱ्यावर पसरून दाखवलं. किती वाव गेलं, जाळं तरंगतं ठेवणारे बोये किती, खाली ओढणारं शिसं किती, सगळं मोजून लिहिलं. व्हिडिओ बघितला. अर्ज भरला, त्याला नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, आधार, पासबुकाची झेरॉक्स, फोटोंच्या प्रिंट आणि जाळ्याच्या दुकानाचं दरपत्रक जोडलं. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं.

अडलं ते आमच्या घरातल्याच कागदांवर. होडी वडिलांच्या नावावर, परवाना त्यांच्या नावावर, आणि अर्ज केला मी, पासबुकही माझंच जोडलेलं. वडील चार वर्षांपासून समुद्रात जात नाहीत, पण नाव बदलून घ्यायचं आम्ही नुसतं पुढे ढकलत आलो होतो. अर्ज परत आला. नव्याने वडिलांच्या नावाने केला, तर त्यांचं बँक खातं बंद पडलेलं. ते चालू करायला त्यांना घेऊन दोनदा तालुक्याला जावं लागलं. गुडघे दुखत असताना ते तिथल्या बाकावर बसून होते आणि मला स्वतःचाच राग येत होता. एक महिना यातच गेला. ज्यांच्या होड्या अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत त्यांनी आजच हे काम काढा. कासव काही सांगून येत नाही.

दुसरी अडचण व्हिडिओची. फोनमधल्या मूळ फाईलवर तारीख-वेळ होती, पण मी तो व्हॉट्सॲपवरून पाठवला, त्यात चित्रही धुरकट झालं आणि ती माहितीही गेली. मूळ फाईल पेनड्राइव्हवर नेऊन दिली तेव्हा काम झालं. नशीब, भावाने ती पुसली नव्हती.

या सगळ्यात एक भीती मात्र गेली. कासव आणि व्हेल शार्क १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, व्हेल शार्क २००१ पासून. मारल्याचा गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं कैद. त्यामुळे आमच्या बंदरात वर्षानुवर्षं एकच रीत होती: जाळ्यात काही आलं तर बोलायचं नाही. मेलेलं असो की जिवंत, गुपचूप सोडून द्यायचं. वन विभागाला आपणहून फोन करायचा, हे पूर्वी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्या दिवशी मी तोही केला, आणि पलीकडून पहिला प्रश्न आला तो "कासव जिवंत आहे का?" हा. एवढ्या साध्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं.

कासवाचं पुढे काय झालं, कळायला मार्ग नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखतायत, आंजर्ल्याला, गुहागरलाही राखतात. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. किनाऱ्यावर माणसं अंड्यांसाठी रात्र रात्र जागतात. त्या अंड्यांतून निघालेल्या हजारातलं एखादंच मोठं होतं, आणि ते आमच्या जाळ्यात मरायचं? हा हिशोब मला पटत नाही.

आमचं जाळ्याचं नुकसान साधारण सतरा हजारांचं होतं. पंधरा हजार पाचशे मंजूर झाले. ते जाळ्याचे. बुडालेला दिवस, डिझेल, खलाशांची मजुरी यांचं काही मिळालं नाही, आणि माझ्या मते निदान डिझेलचा तरी विचार व्हायला हवा. पाऊण तास थांबल्याशिवाय ते कासव जगलं नसतं. जाळं कापणं दहा मिनिटांचं काम, जीव परत येईपर्यंत थांबणं हे खरं खर्चाचं.

पैसे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वडिलांच्या खात्यात आले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडी वर ओढून शाकारलेली, घरात येणारा पैसा थांबलेला, अशा वेळी आले. नवं नायलॉन आणलं आणि पडवीत बसून वडिलांनी स्वतः ते जोडलं.

आता केबिनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना फोन टांगलेला असतो. तो चार्ज ठेवायचं काम भावाचं. शेजारच्या होडीवाल्याने मागच्या आठवड्यात व्हेल शार्क सोडली, त्याचा व्हिडिओ स्वच्छ आलाय, नोंदणी क्रमांकही दिसतोय. होडी मात्र अजून त्याच्या काकांच्या नावावर आहे. सोमवारी आम्ही दोघं तालुक्याला जातोय.