आमची वाटचाल : सकाळी परत द्यायचे कपडे

दुकानात नवीन आलेलं माणूस भिंतीवरचे फोटो बघतं आणि पाच मिनिटांत विचारतंच, "ताई, या हिरॉइनींकडे कपाटं किती असतील हो?" मी सांगते, फोटोत दिसतोय तो ड्रेस तिचा नाही. माझाही नाही. तो रात्री अकराला अंगावरून उतरला आणि सकाळी दहाला मोजून परत गेला. लोकांचा चेहरा पडतो. पण आमचा धंदा मुळात उसन्या कपड्यांचा आहे, आणि ते लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

सुरुवात अण्णांपासून करावी लागेल. नाशिकच्या भद्रकालीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं छोटं दुकान होतं. "आपल्याकडे दीड मशीन आहे," असं ते सांगायचे. एक रोज चालायचं, दुसरं मनात आलं तर. मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीत शर्ट-पँट, लग्नसराईत सफारी. मला काज-बटण सातवीतच येत होतं. अण्णांचं एक वाक्य कायम असायचं: "आत मार्जिन सोड, पोरगं वाढणार आहे." शिवणीच्या आत दाबलेलं ते इंचभर कापड उसवून एकेक पँट तीन-तीन वर्षं चालायची.

2005 साली मी मुंबईला गेले, तिथे पहिल्याच आठवड्यात हातात आलेल्या गाऊनला मार्जिनच नव्हतं. तेव्हा मी एका नावाजलेल्या स्टायलिस्टकडे असिस्टंट होते. नावं घेणार नाही, एकाचंही नाही. करारात तसं असतं, आणि नसतं तरी घेतली नसती.

स्टायलिस्ट म्हणजे कॉश्च्युम डिझायनर नव्हे, हे इथे एकदा सांगून टाकते, कारण आमचे नातेवाईक अजून गल्लत करतात. कॉश्च्युम डिझायनर पात्राला कपडे घालतो. ते पात्र शिक्षिका असेल, भाजीवाली असेल, पेशवेकाळातली बाई असेल. स्टायलिस्ट त्या कलाकाराला तिच्या स्वतःच्या नावाने चारचौघांत नेतो: पुरस्कार सोहळा, प्रमोशन, मासिकाचं मुखपृष्ठ. शनिवारी कार्यक्रम असला की मंगळवारी फोन येतो. मग डिझायनरांच्या ऑफिसांत फोन, खारला एक, लोअर परळला दोन, टॅक्सीत कपड्यांच्या बॅगा. प्रत्येक नगाचं चलन, म्हणजे काय नेलं त्याची सहीची पावती. गुरुवारी ट्रायल, पाच लूक घालून बघायचे, फोटो काढायचे, चार नापास. हे कपडे सँपल असतात, म्हणजे मॉडेलच्या मापाचे. कलाकार मॉडेलच्या मापाची असतेच असं नाही. मग पाठीची चेन उघडी ठेवून आत पट्टा लावायचा किंवा मागून चिमटे लावून फिटिंग आणायचं. म्हणून त्या फोटोंत पाठ फारशी दिसत नाही. कधी बारकाईने बघा.

माझ्या किटमध्ये तीन आकारांच्या सेफ्टी पिना, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, छोटा स्टीमर, कॉलरवरचा मेकअप काढायला शेव्हिंग फोम आणि स्प्रेच्या बाटलीत व्होडका असे. हो, व्होडका. जे कपडे धुता येत नाहीत, त्यांना घामाचा वास लागला तर आतल्या अस्तरावर फवारायची. ती उडून जाते आणि वासही घेऊन जाते. नाटक-सिनेमावाल्यांची जुनी युक्ती आहे ही. एका शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने घरी आले आणि अण्णांनी माझ्या बॅगेत मूळ बाटली पाहिली. रात्री जेवताना कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "मुंबईत एकटी राहतेस, आम्हाला कळतं, पण निदान घरी तरी आणू नकोस." मी अण्णांचाच कोट घेतला, काखेत दोन फवारे मारले, पंख्याखाली टांगला आणि अर्ध्या तासाने त्यांना हुंगायला दिला. अण्णा बराच वेळ हुंगत राहिले. मग म्हणाले, "स्वस्तातली चालते का?"

आठ वर्षं मुंबईत काढली. शेवटची तीन स्वतःच्या नावावर. पैसे मिळाले, पण तीन-तीन महिन्यांनी. एका निर्मिती संस्थेकडे माझं एक बिल अजून आहे, फोन केला की "अकाउंट्सला दिलंय" एवढं ऐकू येतं. तो विषय सोडते, नाहीतर सगळा लेख तोच होईल.

2013 मध्ये अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा जाईना, आणि मी परत आले. मेन रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर जागा भाड्याने घेतली. बायोडेटात 'सेलिब्रिटी स्टायलिस्ट' होतं. नाशिकमध्ये त्याचं काय करायचं हे पहिले सहा महिने कळलं नाही. शाळांच्या गॅदरिंगने तगवलं. डिसेंबर-जानेवारीत कोळी, वासुदेव, शिवाजी महाराज, झाशीची राणी, आणि दरवर्षी किमान दोन झाडं. मग ढोल पथकांच्या मुली आल्या. त्यांची नऊवारी वेगळी लागते. ढोल कमरेला, त्यामुळे निऱ्या चपट्या आणि ओचा पक्का हवा, पायात मोकळीक हवी. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला सकाळी पाचपासून गल्लीत रांग असते.

आणि तिसरं काम आलं, ते माझं खरं काम. नाशिक, जळगाव, धुळे या पट्ट्यात दागिन्यांची शोरूम उघडली, नवरात्राचा कार्यक्रम ठेवला, दहीहंडी बांधली की मुंबईहून कलाकार येतात. कसारा घाटात दोन तास अडकून येतात, कपडे चुरगळलेले, स्टायलिस्ट सोबत आणायचं आयोजकांचं बजेट नसतं. मग फोन येतो.

त्यातला एक प्रसंग सांगते. मालिकेतली एक मोठी कलाकार कॉलेज रोडवर उद्घाटनाला येणार होती आणि तिला येवल्याची खरी पैठणी हवी होती, विकत नाही, एका संध्याकाळपुरती. येवल्यात आमच्या ओळखीचं विणकर कुटुंब आहे. त्यांच्या मागावर महिनोन्‌महिने बसून उतरलेली, बांगडी मोराच्या पदराची पैठणी होती. काका म्हणाले, "घेऊन जा. पण पदराला पीन लावायची नाही." आता खांद्याला पीन न लावता रेशमी पदर दोन तास, फीत कापताना हात वर करून, कसा टिकणार? अण्णांनी रात्री बसून तिच्या ब्लाऊजच्या डाव्या खांद्याला आतून सुती नाडीचे दोन बंद लावले. पदराच्या निऱ्या नीट घडी करून त्या बंदांत धरल्या, वरून काठ आला, बंद झाकले गेले. एकही टोचा नाही. रात्री साडेदहाला मी ती पैठणी घेऊन येवल्याला गेले. काकांनी ट्यूबखाली पसरली आणि लगेच उलटी केली. हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, कुठे धागा ओढला गेला असेल तर तो मागच्या बाजूला बोटाला लागतो. काकांनी मोर न मोर बोटांनी चाचपला. मग चहा मागवला. त्या कलाकाराच्या मॅनेजरने ब्लाऊज मागून घेतला, नाडीसकट.

2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला पूर आला. जुनं नाशिक पूर मोजतं ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी कुठवर चढलं त्यावरून. त्या दिवशी मारुती बुडाला. सराफ बाजारात पाणी, भांडी बाजारात पाणी. माझं गोडाऊन नेमकं खालच्या अंगाला, गॅदरिंगचा अख्खा माल तिथे. शटर उघडलं तेव्हा वासुदेवाच्या टोप्या तरंगत होत्या. मी पायरीवर बसून राहिले, खरंच सुचेना. वस्तीतली सात-आठ पोरं शेजारच्या दुकानांचा माल काढत होती, ती न बोलावता आत शिरली. गाळात लडबडलेले कपडे त्यांनी खांद्यावरून वर नेले, दोन गच्च्यांवर दोऱ्या बांधल्या. ऊन नव्हतंच. चार दिवस कुबट वास गल्लीभर. व्होडका परवडणारी नव्हती.

पोरांना पैसे द्यायला गेले तर बाकीच्यांनी घेतले आणि एकाने घेतले नाहीत. तो आयटीआय झालेला होता, फिटर. म्हणाला, "ताई, शुक्रवारी अंबडला इंटरव्ह्यू आहे. तो पांढरा शर्ट वाळलाय तो एक दिवस द्याल?" एका मालिकेच्या ऑफिसच्या सीनसाठी घेतलेले बारा शर्ट होते, त्यातला तो. मी दिला. पँटही दिली, अण्णांनी कंबर आत घेतली. नोकरी काही मिळाली नाही त्याला तेव्हा. पण शनिवारी सकाळी शर्ट परत आला, धुतलेला, कडक इस्त्री, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मुंबईत मोठमोठ्या ठिकाणांहून रिटर्न घेतलेत मी, असा रिटर्न घेतला नव्हता. सोमवारी त्याचा मित्र आला.

असं आमचं 'इंटरव्ह्यूचं कपाट' सुरू झालं. नाव पोरांनीच ठेवलं. त्यात आता फॉर्मल शर्ट, पँटी, मुलींसाठी कुर्ते, चार ब्लेझर, बेल्ट आणि काळे बूट आहेत. डिपॉझिट नाही, वहीत नाव आणि सही. तीन दिवसांत परत, धुऊन, इस्त्री करून. इस्त्री येत नसेल तर आधी दुकानात येऊन शिकायची. पहिल्या वर्षी बऱ्याच गोष्टी परत आल्या नाहीत. माझी बहीण म्हणाली बंद कर. मी उलट चलन सुरू केलं, मुंबईसारखं: नग, रंग, माप, कुठे काय डाग आहे ते. दोन कार्बन कॉप्या. कागदावर सही केली की माणूस वेगळा वागतो, हे मी डिझायनरांच्या ऑफिसात शिकले.

एकाने ब्लेझरची बाही जाळून आणली. तोंड लपवून तीन दिवस आला नाही, चौथ्या दिवशी आईने कानाला धरून आणला. त्याला अण्णांच्या शेजारी बसवलं आणि रफू शिकवलं. आतल्या मार्जिनमधून धागे काढायचे, जाळलेल्या जागी उभे भरायचे, मग आडवे. दीड दिवस लागला त्याला दोन बोटांच्या जागेला. आज तो आमच्याकडे पगारी आहे आणि डॅमेजचं सगळं काम त्याच्याकडे जातं. बोलतो अजूनही कमीच.

रविवारी दुपारी वर्ग असतो. वय पंधरा ते बावीस. शिलाई, तुरपाई, साडी नेसवणं, फोटोसाठी कपडे लावणं. मुलगे साडीच्या तासाला पळायचे. मग त्यांना त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं सांगितलं. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये काम करायला बाई मिळेना, तेव्हा तारामती केली ती अण्णा साळुंके यांनी, हॉटेलात काम करणाऱ्या माणसाने. म्हणजे आपल्या सिनेमातली पहिली नायिका साडी नेसलेला पुरुष होता, आणि ती साडी कोणीतरी धड नेसवलीच असणार. पोरं हसली, पण थांबली. आता लग्नसराईत आमच्याकडे साडी नेसवणारे दोन मुलगे आहेत. नवऱ्या मुलीच्या आया सुरुवातीला बिचकतात, तेव्हा हे दोघे पुतळ्यावर नेसवून दाखवतात. साडी अंगावर चढवायला मुलगीच जाते, निऱ्या आणि पदर बसवून देतात ते हेच.

भानू अथैयांचं मी दरवर्षी सांगते. कोल्हापूरची मुलगी, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर, भारतातला पहिला. आणि 2012 मध्ये त्यांनी तो पुतळा सांभाळण्यासाठी अकॅडमीकडे परत दिला, आपल्यामागे तो नीट राहील याची खात्री वाटेना म्हणून. गेल्या वर्षी हे ऐकून मागच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "ताई, ऑस्करपण रिटर्न?" चलन केलं होतं का, असं दुसऱ्याने विचारलं.

लॉकडाऊनचं फार लिहीत नाही. गॅदरिंग नाही, लग्नं नाहीत, उद्घाटनं नाहीत. मास्क शिवले, भाडं थकलं, घरमालक भला निघाला. अण्णा 2021 मध्ये गेले. त्यांचं चालणारं मशीन वर्गात आहे, दुसरं अजूनही मनात आलं तर चालतं.

सध्या आम्ही पाच जण आहोत. गोडाऊन आता पहिल्या मजल्यावर आहे. मुंबईची कामं महिन्यातून एक-दोन, सकाळच्या पंचवटीने जाते, जमलं तर वर्गातल्या एकाला किट उचलायला सोबत नेते. पहिल्यांदा आलेलं पोरगं हमखास कलाकाराकडे बघत राहतं आणि पिनांचा डबा पायाशी सांडतं. दुसऱ्या खेपेला कपड्याकडे बघतं.

कपाटात शर्ट भरपूर झालेत, कृपया शर्ट नकोत. आम्हाला कायम कमी पडते ती काळी पँट, कंबर अठ्ठावीस ते तीस. या वयातली पोरं सगळी त्याच मापाची. तुमच्याकडे असेल, घरातल्या मुलाला आता होत नसेल, तर दुकानात आणून द्या. हुक तुटलेला चालेल, चेन गेलेली चालेल, ती आम्ही बसवू. फक्त आत मार्जिन आहे का तेवढं बघा.