नाताळच्या पुस्तकांचा हिशोब

बडोदे, २४ डिसेंबर, रात्री साडेनऊ.

ताईच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर डोळ्यांना वाचनाचा ताण देऊ नका असे बजावले असल्यामुळे, दांडिया बाजारातल्या या घरात मोठ्याने वाचण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. महिन्याच्या सुरुवातीलाच मी तिला सांगून ठेवले होते की या वेळी नाताळची पुस्तके वाचायची. त्यावर ती म्हणाली, “आपल्याकडे दिवाळी अंक आहेत तेवढे पुरे नाहीत का रे?” दिवाळी अंक वाचून झाले होते, तेव्हा तो मुद्दा तिथेच मिटला.

बँकेच्या नोकरीत असताना डिसेंबरात मी कधी पुस्तक हातात धरल्याचे आठवत नाही. बँकांचे वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपत असे. ते मार्चअखेरीवर गेले १९८८-८९ पासून. त्यामुळे आमच्या लेखी नाताळ म्हणजे क्लोजिंग, आणि क्लोजिंग म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारी तेरजांची, म्हणजे खात्यांच्या गोषवाऱ्यांची, जुळवाजुळव. एका वर्षी २७ पैशांचा फरक शोधत आम्ही पाच जण रात्री अडीचपर्यंत बसलो होतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे मी त्या रात्री शिकलो. कोणीतरी ५२ चे २५ लिहून ठेवले होते. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की निवृत्तीनंतर गोष्ट वाचतानाही तिच्यातली रक्कम दिसली की माझा हात नकळत पेन्सिलीकडे जातो. या महिन्यात मला असे जाणवले की नाताळच्या ज्या गोष्टी खरोखर टिकल्या, त्यांतल्या बहुतेकींमध्ये पैशांचा हिशोब अगदी उघड मांडलेला आहे.

सुरुवात अर्थातच डिकन्सपासून केली. ‘अ ख्रिसमस कॅरल’ त्याने १८४३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुमारे सहा आठवड्यांत लिहिले आणि ते १९ डिसेंबरला बाजारात आले. गोष्टीतल्या कंजूष मालकाचा, स्क्रूजचा, कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग पगार आहे. पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग, म्हणजे ज्याच्या दारिद्र्यावर ते लिहिले होते त्याला ते विकत घ्यायचे झाले असते तर आठवड्याचा एक तृतीयांश पगार मोजावा लागला असता. हे मी ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग त्याने कोणाकडून तरी मागून आणले असेल.” पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या, तरी डिकन्सच्या हाती फारसे काही लागले नाही. सोनेरी छपाईची बांधणी आणि जॉन लीचची हाताने रंगवलेली चित्रे यांवर इतका खर्च झाला होता की ज्या पुस्तकातून १,००० पौंड सुटतील अशी त्याने आशा धरली होती, त्याच्या पहिल्या आवृत्तीतून २३० पौंड मिळाले. ज्याचा बाप नौदलाच्या पगारखात्यात कारकून असून कर्जापायी तुरुंगात गेला होता, आणि जो स्वतः बाराव्या वर्षी सहा-सात शिलिंगांवर बुटपॉलिशच्या कारखान्यात राबला होता, त्याला हा आकडा किती लागला असेल याची कल्पना कारकुनी केलेल्या माणसाला चटकन येते.

अँडरसनची काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट मी अर्ध्यावर सोडली. दिवसभरात एक पैसाही न मिळालेली ती मुलगी घरी जायला भिते, इथपर्यंत आल्यावर ताईने हात वर केला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी नको.

खरी मेजवानी मिळाली ती ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये. पाच-सहा पानांची ही गोष्ट १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आली, आणि ती सुरूच होते १ डॉलर ८७ सेंट या शिलकेने. डेला आपले केस २० डॉलरना विकते, नवऱ्याच्या घड्याळासाठी २१ डॉलरची साखळी घेते, आणि ८७ सेंट घेऊन घरी परतते. मी तिथेच थांबून बेरीज-वजाबाकी केली. हिशोब पैशापैशाने जुळला. मात्र सुरुवातीलाच लेखक सांगतो की त्या १ डॉलर ८७ सेंटांपैकी ६० सेंट एकेक सेंटच्या नाण्यांत होते. मग उरलेले १ डॉलर २७ सेंट एका सेंटच्या नाण्यांशिवाय जमवायचे कसे? पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांनी तो आकडा कधीच होत नाही. त्या देशात पूर्वी दोन आणि तीन सेंटांचीही नाणी निघत असत. तशी जुनी नाणी तिच्याकडे होती असे धरले तरच ताळा लागतो. हे लिहिणारा माणूस एके काळी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बँकेत टेलर, म्हणजे रोकड घेणारा-देणारा कारकून, होता, आणि तिथल्या रकमेच्या अपहारावरून १८९८ ते १९०१ तुरुंगातही राहून आला होता, हे कळल्यावर मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ काहीच वाचले नाही. काउंटरमागे बसलेल्या माणसाला दुसऱ्याची रोकड मोजताना जी धाकधूक असते, ती त्या पहिल्या ओळींत मला आता ऐकू येते.

बर्फाने मढलेली मुखपृष्ठे आणि आत गावातल्या बेकरीवाल्याशी जुळणारे प्रेम अशी जी पुस्तके दर वर्षी या सुमारास ढिगांनी येतात, ती मी दोन-तीन चाळून परत ठेवली. त्यांत कोणालाच महिनाअखेर येत नाही.

आज सकाळी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आलो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ही ग्रंथालयव्यवस्था उभी करवली. तिथल्या लोखंडी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा म्हणून. मी तिथे गेलो होतो ‘ख्रिस्तपुराणा’साठी. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले आणि १६१६ मध्ये छापलेले ते मराठी ओवीबद्ध पुराण आहे. मराठीला हरळांमधल्या, म्हणजे खड्यांमधल्या, रत्नाची उपमा देणारी त्यातली ओवी ताईला शाळेपासून पाठ आहे. खुद्द बायबलातली मूळ गोष्ट सरकारी दप्तरापासून सुरू होते, याकडे माझे आजवर लक्ष गेले नव्हते. रोमच्या सम्राटाने शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरलेल्या मरियेला घेऊन योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमला निघाला. ताईचे म्हणणे असे की या यादीत लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ही धरावे, कारण त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांच्या हातात पैसा न टिकण्याइतका चांगला हिशोबाचा विषय दुसरा नाही. मी ते नाताळचे पुस्तक मानत नाही, ती मानते.

येताना फतेहगंजला उतरून प्लम केक घेतला, ताईसाठी अर्थातच बिनअंड्याचा. खिडक्यांमधून कागदी चांदण्या लागल्या होत्या आणि शेजारच्या हातगाडीवर उंधियूची पापडी सोलणे चालू होते.

रात्री ट्रुमन कपोटीची ‘अ ख्रिसमस मेमरी’ वाचली. १९५६ ची ही गोष्ट अलाबामातल्या एका वृद्ध बाईची आणि सात वर्षांच्या मुलाची आहे. दोघे वर्षभर साठवलेल्या चिल्लरीतून एकतीस केक करून बहुतेक अनोळखी माणसांना पाठवतात. पैसे मोजताना बाईचा आकडा १२ डॉलर ७३ सेंट येतो आणि मुलाचा बरोबर १३ डॉलर. तेरा अशुभ, म्हणून ती दोघे खबरदारी घेत एक सेंट खिडकीबाहेर फेकून देतात. माझ्या उभ्या आयुष्यात मी फरक मिटवण्याची इतकी सोपी पद्धत पाहिली नव्हती. ताई इतकी हसली की डोळ्यावरचा काळा चष्मा सरकला.

आजचा खर्च: केक ३२० रुपये, रिक्षा जाता-येता १४०, पापडी ६०, एकूण ५२० रुपये. पाकिटातून मात्र ५३० गेले आहेत. मी मोठ्याने पुटपुटत होतो, ते ऐकून ताई आतून म्हणाली, “सकाळी भाजीवालीला कोथिंबिरीचे दिलेस, ते धरलेस का?”

धरले नव्हते.