बाहीचे माप आणि ५२ मिलिमीटर

आई माझ्या शर्टाच्या बाह्या नेहमीच्या मापापेक्षा दोन इंच जास्त ठेवून शिवत असे. शुक्रवार पेठेतल्या घरी शिलाई मशीनवर आयुष्य काढलेल्या तिला माझे हात लांब असल्याचे ठाऊक होते. त्यामागे मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊती (धमन्यांच्या भिंतीसुद्धा) कमकुवत करणारा आनुवंशिक विकार आहे, हे मात्र ३८व्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागल्यावर कळले.

एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे मूळ ५२ मिलिमीटर रुंद आणि हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के निघाली. तिथली झडप गळत असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला रक्त उलटे येऊन डावा कप्पा ताणला गेला होता. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात हेच माप ४६ आले असताना ‘उंच माणसांत असते’ एवढे सांगून मला घरी पाठवले होते. तो कागद जपून ठेवला होता, म्हणून वाढीचा वेग तरी समजला. मार्फानमध्ये साधारण ५० मिलिमीटरलाच शस्त्रक्रिया सुचवतात, कारण त्यापुढे धमनीचे पदर फाटण्याचा धोका वाढत जातो.

पुण्याच्या सर्जननी कागदावर आकृती काढून बेंटॉल शस्त्रक्रिया समजावली: फुगलेले मूळ झडपेसकट काढायचे, कृत्रिम झडप बसवलेली डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी जोडायची आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्यांची तोंडे बटणासारखी कापून त्या नळीला शिवायची. आईने तेवढेच विचारले, “पण कापडच विरलेलं असेल, तर टाका धरणार कसा?” सर्जन क्षणभर थांबले. टाक्याखाली फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची पट्टी घालतात, असे त्यांनी सांगितले. मूळची झडप वाचवण्याचा पर्यायही होता. पण त्याला वेळ जास्त लागतो आणि दुबळे हृदय जितका कमी वेळ थांबवावे तितके बरे, म्हणून आम्ही यांत्रिक झडप स्वीकारली.

आधी पाच आठवडे औषधांनी हृदयावरचा भार कमी केला. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस हृदयाला आधार देणारी औषधे शिरेतून चालू होती. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. सहा महिन्यांनी पंपिंग ४५ टक्क्यांवर आले. आता यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध कायमचे असून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, २ ते ३च्या दरम्यान ठेवावा लागतो. मेथीतल्या व्हिटॅमिन केमुळे या औषधाचा परिणाम कमी होतो, तरी मेथी बंद नाही, फक्त दर आठवड्याला सारखीच खायची.

उरलेली महाधमनी त्याच कापडाची असल्यामुळे तपासणी दरवर्षी होईल. थोरल्या मुलीच्या बाह्याही आखूड पडू लागल्या आहेत. परीक्षा संपली की तिचा एको करायचा आहे.