'सर स्वतः काहीच शिकवत नाहीत'

मागच्या सेमिस्टरचे फीडबॅक फॉर्म आले आणि त्यात एकाने (की एकीने, नाव नसतं त्यावर) लिहिलेलं, 'सर स्वतः काहीच शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात'. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. कारण ज्या वर्षी मी खरंच काही शिकवत नव्हतो, म्हणजे फळ्याकडे तोंड करून जुन्या वहीतलं उतरवून देत होतो, त्या वर्षीचा फीडबॅक एकदम झकास होता. 'सरांच्या नोट्स छान असतात' वगैरे.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवतो, आणि माझी गाडी रुळावरून घसरली ती एका बल्बच्या प्रश्नामुळे. आयडियल बॅटरीला (म्हणजे जिचं व्होल्टेज कधी पडत नाही) दोन सारखे बल्ब पॅरललमध्ये, प्रत्येक थेट बॅटरीला, जोडलेत, त्यातला एक काढून घेतला, तर उरलेल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? झालं, एवढाच प्रश्न. ही तीच मुलं होती ज्यांनी आदल्या आठवड्यात किरचॉफचे लूप (सर्किटमधल्या व्होल्टेजचा हिशेब) लावून तीन तीन इक्वेशन्स पटापट सोडवली होती. अर्ध्याहून जास्त जण म्हणाले वाढेल. का रे बाबांनो? 'आता सगळा करंट त्यालाच मिळणार ना सर.' म्हणजे यांच्या डोक्यात बॅटरीकडे ठरावीक करंट आहे आणि बल्ब तो भावांसारखा वाटून घेतात, एक भाऊ गेला की त्याचा वाटा दुसऱ्याला. इक्वेशन वहीत, वाटणी डोक्यात, दोघांची कधी गाठच पडलेली नाही.

नंतर कळलं की या खड्ड्यात माझ्याआधी बरेच मोठे लोक पडलेत. हार्वर्डला फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी आपल्या मुलांना न्यूटनच्या नियमांवरची एक साधी टेस्ट दिली, आकडेमोड नाही, नुसती समज तपासणारी, तर एकीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला जसं वाटतं तसं. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच गेलंही. माझुर यांनी 1991 पासून लेक्चरची पद्धतच बदलली, तिला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत मत. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तरच चर्चा करायची, त्याहून कमी असतील तर मुळातच समजलेलं नाही, परत समजावा, आणि जास्त असतील तर पुढे चला, उगाच वेळ घालवू नका. बटण दाबून मत द्यायचं क्लिकर मशीन वगैरे लागतंच असं नाही, मी छातीशी बोटं धरायला लावतो, एक म्हणजे वाढेल, दोन म्हणजे कमी, तीन म्हणजे तेवढाच. छातीशी अशासाठी की मागच्याला दिसू नये, नाहीतर सगळा वर्ग टॉपरची बोटं बघून मत देतो.

तर बल्बचा प्रश्न असा टाकला त्या दिवशी चर्चा सुरू झाली, वर्गाचा नुसता बाजार, आणि मी बाकांमधून फिरत होतो. एक मुलगी शेजारणीला म्हणाली, 'अगं घरात एका खोलीतला दिवा बंद केला की बाकीच्या खोल्यांतले जास्त पेटतात का?' शेजारीण दोन सेकंद गप्प, मग 'हां यार, तेवढाच राहील'. माझ्या वीस मिनिटांच्या लेक्चरला जे जमलं नाही ते या एका वाक्याने केलं. मी ते वाक्य का बोललो नव्हतो? कारण मला तो प्रश्न अवघड वाटलेलाच नव्हता, माझा गोंधळ मिटून इतकी वर्षं झाली की गोंधळ कुठे होतो तेच मी विसरलोय, आणि तिचा नुकताच, पाच मिनिटांपूर्वी मिटलेला.

आता विषयांतर, पण नाही तसं. माझी एक मैत्रीण मेडिकल कॉलेजात शिकवते. तिने मला एकदा पेशंट बनवलं. खोटा पेशंट, म्हणजे मुलांच्या सरावासाठी स्क्रिप्ट पाठ करून बसणारा. ही आयडिया हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये मांडली, आणि पुढे 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ऑस्की नावाची परीक्षा आणली, त्यात असे पेशंट आता सर्रास वापरतात. आधी कसं, एक पेशंट, एक एक्झामिनर, दोघेही नशिबाने मिळणार, सोपी केस आली तर सुटलात. ऑस्कीत सगळ्यांना तीच स्टेशन्स, ठरलेली मिनिटं, बेल वाजली की पुढे.

माझी स्क्रिप्ट अशी: वय 48, जिना चढताना छातीवर दाब येतो. घरात कुणाला हार्टचा त्रास विचारलं तर 'वडिलांना होता' एवढंच सांगायचं. वडील याच वयात गेले आणि खरं तर त्या भीतीने मी आलोय, हे आपणहून सांगायचं नाही, समोरच्याने जागा दिली तरच. सकाळभर एकामागून एक मुलं आली. कधीपासून दुखतं, डाव्या हातात जातं का, घाम येतो का, सिगरेट, बीपी, शुगर, सगळे प्रश्न बरोबर, आणि 'वडिलांना होता' म्हटलं की मान डोलवून पुढचा प्रश्न. एक मुलगा मात्र तिथे थांबला. पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघत राहिला, काही बोलला नाही. दोन-तीन सेकंद असतील, पण समोर बसल्यावर ते फार लांब वाटतात हो, आणि मी बोलून गेलो, ते याच वयात गेले म्हणून.

शिकवणाऱ्याचं कामही बरंचसं तेच आहे, गप्प थांबण्याचं, आणि तेच सगळ्यात जड जातं, हे मला तिथे त्या खुर्चीत बसून समजलं. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने 1970 च्या दशकात शाळांमधले तास टेप करून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद! तो तीन सेकंद केला की मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली यायला लागतात. कॉलेजातही काही वेगळं नसावं, मी स्वतःला मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं तर प्रश्न आणि त्याचं उत्तर मी एका दमातच देत होतो. विरामचिन्हसुद्धा नाही मध्ये.

मैत्रीण म्हणते तिच्याकडे हे थांबणं जास्त छळतं. सिम्युलेशन लॅबमध्ये पुतळ्याचं ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरतंय, मुलांनी मास्क लावलाय, नळीही जोडलीये, पण भिंतीवरचा ऑक्सिजनचा फ्लोच कुणी सुरू केलेला नाही, आणि ही काचेमागे स्वतःच्या हातांवर बसलेली. ओरडावंसं वाटतं. नाही ओरडायचं. मिनिट-दीड मिनिटाने कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि मग खरा तास सुरू होतो, डीब्रीफिंगचा, म्हणजे जे झालं त्यावर बोलण्याचा, ज्यात तिचा पहिला प्रश्न 'तुम्हाला काय दिसत होतं?' असा असतो, 'फ्लो का नाही सुरू केला' असा नाही. पुतळा मरत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

बरं, फीडबॅककडे परत येतो. 2019 मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गात एक प्रयोग झाला. एका गटाला मुरलेल्या शिक्षकाचं गुळगुळीत लेक्चर, दुसऱ्याला तोच मजकूर पण स्वतः झटापट करून सोडवायचा, मग गटांची अदलाबदल. टेस्टमध्ये झटापटवाले पुढे, पण 'किती शिकलात असं वाटतं' विचारलं तर लेक्चरवाले जास्त खूश. ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि स्वतः करताना अडखळतो म्हणून वाटतं काही येतच नाही. आणि 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून बघितलेलं, नुसत्या लेक्चरच्या कोर्सेसमध्ये नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या कोर्सेसमध्ये 21.8. हे आकडे बघून माझे दोन दिवस जरा हलके झाले, खोटं कशाला बोलू.

पण म्हणून नवीन ते सगळं सोनं असंही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टरने 1969 मध्ये पहिल्या 20 मेडिकल विद्यार्थ्यांना लेक्चरऐवजी केस हातात देऊन प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग सुरू केलं, डेन्मार्कच्या ऑलबोर्ग युनिव्हर्सिटीने 1974 मध्ये इंजिनिअरिंगसुद्धा ग्रुप प्रोजेक्टांभोवतीच बांधलं, दोन्ही भारी. पण ज्याला पायाच माहीत नाही त्याला 'शोध तुझं तू' म्हणून सोडलं तर तो शोधत नाही, भरकटतो, आणि 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर, क्लार्क यांनी हेच जोरात मांडलं होतं. मी पण एकदा पोर पाण्यात ढकलल्यासारखं थेवेनिन थिअरम (गुंतागुंतीचं सर्किट सोपं करायचा नियम) नुसतं प्रोजेक्टवर सोडलं होतं. रिपोर्ट सुंदर, स्पायरल बाइंडिंग, व्हायवाला शांतता. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने केलेलं, तिघांनी नाव लावलेलं.

त्यावर सध्या लॅरी मायकेलसन यांच्या टीम बेस्ड लर्निंगमधली एक गोष्ट उचललीये. आधी प्रत्येकाने एकट्याने छोटी टेस्ट द्यायची, लगेच तीच टेस्ट टीमने मिळून, दोन्हींचे मार्क धरायचे. एकट्याची टेस्ट असल्यामुळे वाचून यावं लागतं, आणि टीमच्या टेस्टला जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात, परवा तर दोघं उठून फळ्यापाशी गेले आणि माझ्या हातातला खडूच घेतला.

या वेळी पहिल्याच तासाला मी ते फीडबॅकचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि 2019 चा प्रयोग सांगून टाकला, म्हटलं सेमिस्टरभर तुम्हालाही असंच वाटणार आहे, तयारी ठेवा. मागून एक जण म्हणाला, 'म्हणजे सर तुम्ही फीडबॅकचं आधीच सेटिंग करताय.' आहेच थोडंफार. पुढच्या महिन्यात मैत्रिणीकडे परत ड्यूटी लागलीये, पोटदुखी, स्क्रिप्ट चार पानी आहे आणि कण्हायचं कुठे कुठे त्याच्या वेगळ्या खुणा केल्यात तिने.